मोहोळ उठलं तेव्हा

स्थळ बघायला कुणी जंगलात जातं का, असं शेजारच्या द्वारकाबाईनं तोंडावरच विचारलं तेव्हा संध्या नुसती हसली. तिलाही तेच वाटलं होतं.

कल्पना वसंतामामांची. मुलाचे, म्हणजे मिथुनचे, हे मामा. मामांचं म्हणणं असं, की घरात बसून पोहे खाल्ल्यानं माणूस कळत नाही. भोकरदनच्या पुढं डोंगरात वाघझरीचं अभयारण्य आहे, तिथं दरीत जुनी बौद्ध लेणी आहेत. सकाळी निघू, जंगल बघू, लेण्यात वंदना घेऊ, सोबत आणलेलं जेवू आणि दिवस मावळायच्या आत परत. दिवसभरात दोघांनाही एकमेकांचा अंदाज येईल.

संध्याचे वडील साहेबराव गुरुजी याला हो म्हणाले, याचंच तिला जास्त नवल वाटलं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाल्यापासून गुरुजी जालना सोडून कुठं जात नव्हते. सहा वर्षांपूर्वी संध्याची आई गेली आणि दोन वर्षांपूर्वी गुरुजींच्या हृदयात स्टेंट बसला. तेव्हापासून मस्तगडच्या अलीकडच्या गल्लीतलं ते दोन खोल्यांचं घर, संध्याची दवाखान्यातली नर्सची ड्युटी, गुरुजींच्या गोळ्या आणि संध्याकाळच्या बातम्या, एवढ्यातच बापलेकीचं जग मावलं होतं.

याआधी तिला तीन स्थळं येऊन गेली होती. तिन्ही वेळा पाहुणे हसतमुखानं उठले, कळवतो म्हणाले, आणि आठवड्याभरात गुरुजींनी फोन ठेवून चष्मा पुसत सांगितलं, "नकार आला गं त्यांचा. जाऊ दे." का, हे संध्यानं कधी विचारलं नाही. कारणं तिनं स्वतःच जुळवली. पहिल्यांदा रंग. दुसऱ्यांदा रात्रपाळी. तिसऱ्यांदा वय. तिसऱ्या वेळेनंतर तिनं आरशासमोर उभं राहून वेणी घालणं सोडलं. आता ती पाठ फिरवून, हाताच्या अंदाजानं घालायची.

कडूबाच्या बोलेरोत ती मधल्या सीटवर खिडकीशी बसली. शेजारी गुरुजी, त्यांच्या पलीकडं वसंतामामा. मिथुन पुढं, ड्रायव्हरजवळ. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात तो नोकरीला होता. तुरीच्या वाणांवर काम करतो, एवढं मामांनी सांगितलं. दोन बहिणींची लग्नं करण्यात त्याचं स्वतःचं राहून गेलं होतं. बारीक अंगाचा, कानाजवळ पांढरे केस आलेला माणूस. गाडीत बसताना त्यानं "जय भीम" म्हणून हात जोडले आणि त्यानंतर राजूर गेलं, हसनाबादचा फाटा गेला, तरी मागं वळून बघितलं नाही.

चौथं, संध्यानं मनात म्हटलं. अजून दहा वाजले नाहीत आणि चौथंही गेलं.

खिडकीची काच खाली करावी म्हणून तिनं हात लावला तर हँडल नुसतंच गोल फिरलं.

"ती काच खाली होत न्हाई ताई," कडूबा आरशातून म्हणाला. "गॅरेजला टाकायचीये."

फाटकावर बिरू नावाचा गाइड गाडीत चढला आणि मागच्या आडव्या सीटवर बसला. तो तिथल्याच धनगरवाडीतला. त्याचे आईबाप याच रानात मेंढरं चारायचे. आता चराई बंद होती आणि बिरू पाहुण्यांना रान दाखवायचा. त्यानं आधीच नियम सांगून टाकले. रान बघायचा टॉवर येईपर्यंत कुणी खाली उतरायचं नाही, काचा बंद, मोठ्यानं बोलायचं नाही.

"वाघ दिसंल का?" वसंतामामांनी विचारलं.

"नावात आहे तेवढाच वाघ, मामा. बिबट्या आहे, पण तो दुपारचा कशाला दिसतोय. रोही दिसतील, भेकर दिसंल. नशीब असलं तर अस्वल."

गाडी माणूस चालेल त्या वेगानं निघाली. फेब्रुवारी सरत आला होता. सागाची पानं गळून वाटेवर पसरली होती, चाकाखाली पापडासारखी मोडत होती. बंद काचेच्या आत डिझेलचा, गुरुजींच्या बामचा आणि डब्यातल्या ठेच्याचा वास कोंडला होता. एका वळणावर रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप आडवा गेला. शेवटचा काळपट नर वाटेत थांबला, गाडीकडं बघत राहिला, मग सावकाश झाडीत शिरला. संध्याला त्याच्या मागं उतरून चालावंसं वाटलं. तिचा गुडघा पुढच्या सीटला टेकला होता आणि खांद्यावर गुरुजींचं डोकं. त्यांना डुलकी लागली होती.

टॉवरशी सगळे उतरले. लोखंडी जिना उभा होता. गुरुजी आणि मामा खालीच थांबले. संध्या वर गेली. थोड्या वेळानं जिना वाजला आणि मिथुन वर आला. वारा जोरात होता. खाली दरी, दरीच्या पलीकडं काळा कडा, कड्यात लेण्यांची दारं.

"तुम्हाला एक विचारायचं होतं," तो कठड्याला धरून म्हणाला. "खरं तर विचारू नका म्हणून सांगितलेलं आहे मला."

"कुणी?"

तो उत्तर देणार तेवढ्यात खालून हाक आली. "संध्याऽ! माझी दुपारची गोळी कुठं ठेवलीस?"

"पर्समध्ये, बाबा! पुढच्या कप्प्यात!"

"सापडत न्हाई!"

ती खाली उतरली. पर्स गुरुजींच्या मांडीवर होती आणि तिची चेन उघडलेलीसुद्धा नव्हती.

गाडी दरीला वळसा घालून पलीकडं गेली आणि कडूबा तिथं गाडीपाशीच थांबला. लेण्यांकडं खडकात खोदलेल्या पायऱ्या उतरत होत्या. बिरूनं पायऱ्यांच्या तोंडाशी थांबवून वर बोट दाखवलं. कड्याच्या पोटाशी, लेण्यांच्या माथ्यावर, आग्या माश्यांची मोहोळं लटकत होती. काळी, सुपाएवढी, एकाशेजारी एक.

"बिडी न्हाई, अत्तर न्हाई, टाळ्या न्हाई," बिरू म्हणाला. "त्यांना त्यांचं काम करू द्यायचं, आपण आपलं करायचं. मी रोज येतो, काही होत न्हाई."

मोठ्या लेण्यात स्तूप होता. त्याच्यापुढं उभं राहून गुरुजींनी हळू आवाजात त्रिशरण, पंचशील घेतलं. वर्गात पाठ करून घ्यायचे तसा त्यांचा स्वर सावकाश आणि स्वच्छ होता. बाकीचे मागून म्हणत गेले. दगडानं तो आवाज धरून ठेवला. त्या थोड्या वेळात संध्याला कशाचंच ओझं वाटलं नाही. मग शेजारच्या विहाराच्या ओसरीत तिनं सतरंजी अंथरली, डबे उघडले, भाकरीवर पिठलं वाढलं.

पहिला घास घेतला असेल नसेल, वर कुठंतरी फडफड झाली. बिरूनं मान वर केली. एक मोठा पक्षी कड्यावरून झेपावून दूर गेला आणि त्याच्या पायातून मोहोळाचा तुकडा निसटून पायऱ्यांवर पडला. क्षणभर काहीच झालं नाही. मग एखादं मशीन सुरू व्हावं तसा घुंऽऽ असा आवाज दरीत भरला आणि पायऱ्यांवरचं ऊन काळं झालं.

"आत!" बिरू ओरडला. "खोलीत चला, जल्दी! सतरंजी घ्या!"

विहाराच्या मागच्या भिंतीत भिक्खूंसाठी कोरलेल्या खोल्या होत्या, वाकून जावं लागेल एवढ्या दारांच्या. बिरूनं गुरुजींच्या काखेत हात घालून त्यांना पहिल्या खोलीत ढकललं. मिथुन आणि संध्यानं भांड्यांसकट सतरंजी ओढली. भाकऱ्या, पिठलं, तांब्या सगळं फरशीवर सांडलं. मामा शेवटी आले, डोक्यावर टोपी झोडत, बोंबलत. बिरूनं सतरंजी दारावर लावली, वरची टोकं दोन्ही हातांनी कपारीत दाबून धरली, खालची टोकं मिथुननं पायाखाली घेतली. आत आलेल्या माश्या चपलेनं मारल्या. मग अंधार झाला.

अंधारात पाच माणसं. खोली एवढीशी, की हात पसरले तर दोन्ही भिंती लागतील. वटवाघळांच्या लेंड्यांचा तिखट वास. सतरंजीच्या पलीकडं तो आवाज आणि कापडावर बसणाऱ्या माश्यांची अखंड टपटप.

"बोलायचं न्हाई," बिरू कुजबुजला. "बोललं तरी असं, पोटात. आवाजानं अजून चिडतात. आता त्या शांत होईस्तोवर हितंच."

"किती वेळ?" संध्यानं विचारलं.

"दिवस कलंपर्यंत समजा."

ती कामाला लागली. मोबाइलच्या उजेडात दवाखान्याच्या ओळखपत्राच्या कडेनं तिनं एकेकाचे काटे खरवडून काढले. गुरुजींना मानेवर दोन होते. मामांच्या टकलावर, कानांवर, बोटांवर बरेच. मिथुनच्या वरच्या ओठावर एकच डंख होता, पण तो ओठ भराभर सुजत होता. तिनं त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं.

"श्वास घ्यायला त्रास होतोय?"

"न्हाई. बोलायला होऊन राह्यलाय," तो बोबडा म्हणाला. तिला हसू आलं, तेही तिनं दाबलं.

मोबाइलला रेंज नव्हती. तिनं उजेड बंद केला. गुरुजी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते; त्यांनी चाचपडत तिचा हात शोधला आणि धरून ठेवला. वेळ जाईना. पाठीला दगड टोचत होता, पाय लांब करायला जागा नव्हती. कुणाचा तरी गुडघा तिच्या घोट्यावर होता. तहान लागली तेव्हा लक्षात आलं, की पाण्याचा तांब्या बाहेर लवंडलाय. कापडाआडून येणारा आवाज मधेच कमी व्हायचा, सगळे कान टवकारायचे, आणि तो पुन्हा वाढायचा.

आधी धीर सुटला तो मामांचा. त्यांचं डोकं ठणकत होतं.

"गुरुजी," ते कुजबुजले, पण त्या कुजबुजीतही चीड होती, "मी म्हणलोच होतो ह्याला. पोरीची मर्जी न्हाई, मंग कशाला जायचं? पण ह्यो ऐकंना. म्हणे एकदा बघून तर येऊ. बघा आता काय बघितलं ते."

"मामा," मिथुन म्हणाला. "राहू द्या."

"काय राहू द्या? जीव चाललाय हितं."

संध्याला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कुणाची मर्जी न्हाई?"

गुरुजींचा हात तिच्या हातात ताठ झाला.

"मामा, कुणाची मर्जी न्हाई म्हणालात?"

"आता तूच काय विचारतीस, पोरी? शुक्रवारी फोन आल्ता की गुरुजींचा. म्हणले, मुलीला लग्नच करायचं न्हाई, तिचा नकार आहे, तिला त्याबद्दल काही विचारू नका, उगी वाईट वाटंल. फिरायला म्हणून या पाहिजे तर."

तिला एकदम उठावंसं वाटलं. ती उठली आणि डोकं छताला आपटलं. पुन्हा खाली बसण्याशिवाय काही करता येत नव्हतं. ओरडावं तर बाहेर माश्या. जावं तर कुठं.

"बाबा?"

गुरुजींनी पाय आणखी जवळ ओढून घेतले.

"बाबा, आधीची तीन?" आवाज तिला पोटातच ठेवावा लागत होता. "ती बोरगावची? तो बँकेतला? तो शिक्षक?"

"हळू बोल," गुरुजी म्हणाले.

"हळूच बोलून राह्यले मी. ते नकार कुणाचे होते?"

मग गुरुजी म्हणाले, "तो बँकेतला दारू प्यायचा, असं ऐकलं होतं."

"आणि बाकीचे दोन?"

"संध्या, माझ्या छातीत दाबल्यासारखं होतंय."

वसंतामामा घाबरून सरकले. "अरे देवा, गुरुजी! आता हितं कसं करायचं?" बिरूनं वर धरलेली सतरंजी हलली. संध्यानं मोबाइलचा उजेड लावला, गुरुजींचं मनगट धरलं आणि नाडीवर बोटं ठेवली. त्यांच्या कपाळाला हात लावला. घाम नव्हता. ओठ कोरडे, पण रंग बरोबर. ती मोजत राहिली, हवा होता त्यापेक्षा जास्त वेळ मोजत राहिली, कारण खात्री झाली की पुढं बोलावं लागणार होतं. रात्रपाळी बदलून घेतली होती ती अशाच एका दाबण्यामुळं. मैत्रिणींसोबत दीक्षाभूमीला जाणं राहिलं तेही. तेव्हाही तिनं नाडी बघितली होती, तेव्हाही ती अशीच चालत होती, आणि प्रत्येक वेळी तिनं उशी सारखी करून "पडा जरा" म्हटलं होतं.

"नाडी बराबर आहे, बाबा," ती म्हणाली. "बिलकुल बराबर आहे."

तिनं उजेड विझवला. चेहरा बघायची तिला हिंमत नव्हती.

अंधारात गुरुजी रडत होते, हे तिला आवाजावरून नाही, हातावरून कळलं. ते म्हणाले, "तुझी आई गेली तेव्हा दहाव्या दिवसापर्यंत घरात माणसं होती. मंग सगळी गेली. त्या दिवशी संध्याकाळी तू ड्युटीवर गेल्तीस. मी दार लावलं आणि मला आठवंना, आता काय करायचं असतं ते. मी तसाच दाराशी उभा राहिलो तू येईपर्यंत. सकाळपर्यंत."

"मला कधी सांगितलं न्हाई."

"कसं सांगणार?"

तिला दया आली आणि त्या दयेचाच राग आला. हीच ती दोरी, तिला वाटलं. हिला कुठं ओढ बसली की मी मागं येते. तिनं हात सोडवून घेतला. सोडवला तरी ठेवायला दुसरीकडं जागा नव्हती, म्हणून तो स्वतःच्याच मांडीवर मुठीत घेऊन बसली. "मला वाटायचं माझ्यातच काही कमी आहे," ती म्हणाली. "तीन वेळा वाटलं. तुम्ही चष्मा पुसत बसायचे आणि मी आत जाऊन भांडी घासायचे."

वसंतामामांनी खाकरल्यासारखं केलं. परक्या दोन माणसांसमोर आणि एका गाइडसमोर आपल्या घराची भिंत पडली, आणि कुणालाही उठून बाहेर जाता येत नाही, हे सगळ्यांनाच कळत होतं. बिरू सतरंजीला कपाळ टेकवून वाकून उभा होता, जणू त्याला ऐकूच येत नव्हतं.

"मिथुन," ती अंधारात म्हणाली, "टॉवरवर हेच विचारणार होता?"

"हाव."

"मी नकार दिलेला न्हाई. होकारही दिलेला न्हाई. मला कुणी विचारलंच न्हाई."

"बरं," तो म्हणाला. सुजल्या ओठातून तो शब्द जाड निघाला. त्यापुढं तो काही बोलला नाही, आणि ते तिला बरं वाटलं.

ऊन उतरलं तेव्हा आवाज विरत गेला. बिरूनं सतरंजीचं टोक बोटभर सरकवून बघितलं, बराच वेळ बघितलं. मग एकेकाला, डोक्यावरून कापड घेऊन, न पळता, हात न हलवता बाहेर काढलं. ओसरीत पिठल्यावर मेलेल्या माश्या चिकटल्या होत्या. डबे तसेच टाकून ते पायऱ्या चढले. मिथुननं हात पुढं केला तेव्हा गुरुजींनी तो घेतला नाही. बिरूच्या खांद्याला धरून, दर चार पायऱ्यांना थांबत ते चढले. संध्या मागून चालली. ते थांबले की तीही थांबायची, पण पुढं गेली नाही.

फाटकावरच्या टपरीत सगळ्यांनी पाणी आणि चहा घेतला. गुरुजींनी बशी हातात धरून विचारलं, "रविवारी डॉक्टरकडं जायचंय ना गं आपल्याला?"

"रविवारी दवाखाना बंद असतो, बाबा," ती म्हणाली आणि मिथुनकडं वळली. "रविवारी तुम्ही घरी असता का?"

"तुरीचं खळं चालू आहे. केंद्रावरच असतो," तो म्हणाला. "आलात तर दाखवीन."

गुरुजी घरी येऊन न जेवता झोपले. पुढचे चार दिवस त्यांनी तिच्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं आणि तिनंही तेवढंच ठेवलं. शनिवारी रात्री ती कपड्यांना इस्त्री करत होती तेव्हा ते दाराशी येऊन उभे राहिले. काहीतरी म्हणतील असं वाटलं. ते बघत राहिले आणि परत गेले.

रविवारी तिनं कुकर भरून ठेवला, गोळ्या ताटलीत काढून ठेवल्या आणि पॅसेंजरनं बदनापूरला गेली. जेमतेम अर्ध्या तासाचा प्रवास. स्टेशनबाहेर मिथुन मोटरसायकल घेऊन उभा होता. ओठाची सूज पूर्ण उतरली होती आणि त्यामुळं तो वेगळाच माणूस दिसत होता. गाडीवर बसता बसता तिचा फोन वाजला.

"पोचले, बाबा. कुकर आता गॅसवर ठेवा, चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा."

केंद्राच्या फाटकापर्यंत फोन पर्समध्ये दोनदा थरथरला. तिनं काढला नाही. पण त्या थरथरीशिवाय तिला रस्त्यातलं दुसरं काहीच जाणवलं नाही. शेताच्या बांधावर मिथुन वाळल्या तुरीच्या ओळींकडं हात करून कोणता वाण कुठला ते सांगत होता आणि ती मान हलवत होती. शेवटी त्यानंच सांगणं थांबवलं.

"बोलून घ्या," तो म्हणाला. "मी तिकडं खळ्यावर आहे."

तिनं फोन लावला. पहिल्याच रिंगला गुरुजींनी उचलला.

"काय झालं, बाबा?"

"काही न्हाई. शिट्ट्या झाल्या. गॅस बंद केला."

"मग फोन कशाला केला?"

"तेच सांगायला."

मागं टीव्ही चालू होता. कुणी फोन ठेवला नाही. खळ्यावर मिथुन पाठमोरा उभा राहून कुण्या मजुराशी बोलत होता. दुपारचं ऊन शेंगांवर चढत होतं.

"छातीत दुखतंय का?" तिनं विचारलं.

गुरुजींनी टीव्हीचा आवाज कमी केला. "न्हाई," ते म्हणाले. "आज न्हाई दुखत."

"जेवून घ्या मंग. मी संध्याकाळच्या गाडीनं येते."

तिनं फोन पर्समध्ये ठेवला, चेन लावली आणि तुरीच्या दोन ओळींमधून खळ्याकडं चालू लागली. काड्या दोन्ही बाजूंनी ओढणीत अडकत होत्या; ती थांबून एकेक सोडवत होती.